वाचनालयातले आठ संगणक

प्रश्न: आमचं वाचनालय तालुक्याच्या गावी आहे, ‘ब’ वर्गाचं. मी तिथे ग्रंथपाल आहे. एका बँकेने शाखेचं नूतनीकरण करताना जुने आठ संगणक आम्हाला दिले. हार्ड डिस्क काढून घेतल्या आहेत, बाकी सगळं चालू आहे. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळी मोफत संगणक वर्ग सुरू करावा असं माझ्या मनात आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘मशीनमागे तीनशे रुपये द्या, विंडोज आणि ऑफिस टाकून देतो.’ पुतण्या म्हणतो, ‘विंडोजच्या जागी लिनक्स आणि ऑफिसच्या जागी लिब्रे ऑफिस टाक, दोन्ही मोफत आहेत.’ कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, ‘जाहिरातीत वर्ड आणि एक्सेल लिहिलेलं असतं. फुकटचं सॉफ्टवेअर शिकलेल्या पोरांना कोण दारात उभं करणार?’ शिवाय वर्गाला येतो म्हणणाऱ्यांत बारावी झालेली मुलं आहेत, तशाच चाळिशी ओलांडलेल्या पाच बायकाही आहेत. सगळ्यांना एकत्र बसवू का? आणि मुख्य म्हणजे, मी या मुलांच्या भवितव्याशी खेळत तर नाही ना?
— एक ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, तुम्ही कुणाच्या भवितव्याशी खेळत नाही. लिनक्स आणि लिब्रे ऑफिसच टाका. पण तुमच्या सदस्यांची शंका खोटी नाही. तिला नीट उत्तर न देता वर्ग सुरू केलात, तर त्याची झळ मुलांनाच बसेल.

आधी तीनशे रुपयांचं बघू. त्या पैशात मिळणारी प्रत परवान्याची नसते, हे दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक असतं. स्वामित्व हक्क कायदा १९५७ मधल्या कलम ६३ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. आणि तुमची संस्था सरकारी अनुदानावर चालते. उद्या तपासणीत कुणी बोट ठेवलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, तो दुरुस्तीवाला येणार नाही. मला त्याहून खटकतं ते वेगळंच. अशा प्रतींबरोबर परवान्याचं कुलूप तोडणारी जी ‘क्रॅक’ची फाईल येते, तिच्यात काय दडलंय हे कुणीच पाहिलेलं नसतं. त्याच मशीनवर तुमची मुलं आधार क्रमांक टाकणार, बँक खात्याचा तपशील भरणार, ईमेलचा पासवर्ड देणार. ज्याच्या खिशात पुढच्या महिन्याचं भाडं नाही, त्याच्या खात्याला असा धोका नको.

‘फुकटचं’ या शब्दाबद्दलही थोडं बोलते. आपल्या भाषेत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. लिब्रे ऑफिसला पैसे पडत नाहीत हे खरं, पण त्याचं खरं मोल त्याच्या परवान्यात आहे. ते कुणीही वापरावं, कसं चालतं ते उघडून पाहावं, बदलावं आणि हव्या तितक्या प्रती वाटाव्यात, याची त्यात लेखी मुभा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं ते याच हक्कांसाठी. तुमच्या वर्गात याचा अर्थ अगदी साधा आहे. मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन येईल आणि वर्गात शिकलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं घरी घेऊन जाईल. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर टाकेल, मैत्रिणीला देईल. त्यात चोरी नाही आणि परवान्याची मुदत संपण्याची भीतीही नाही. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास वर्गात बसून हात बसत नाही. हात बसतो तो घरी, रात्री जेवणं उरकल्यावर केलेल्या सरावाने. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने माझं पहिलं कारण हेच आहे.

आता सदस्यांच्या शंकेकडे येते. इथे मला माझीच एक चूक सांगायला हवी.

२००९ च्या सुमारास मी पिंपरीत एका समाजमंदिरात संध्याकाळचे वर्ग घ्यायचे. आमच्याकडे रीतसर विकत घेतलेलं वर्ड होतं, पण २००३ सालचं. मी मनापासून शिकवायचे आणि पाठ करून घ्यायचे: डावीकडून पाचवा मेनू, त्यातलं दुसरं नाव, मग उजवीकडचं बटण. एक मुलगी फार हुशार होती, माझ्या वहीतलं सगळं तिला तोंडपाठ होतं. एका कार्यालयात मुलाखतीला गेली. तिथे वर्डची २००७ ची आवृत्ती होती. त्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने जुने मेनू काढून वर बटणांची रुंद पट्टी आणली होती. तिला एक साधं पत्र टाइप करून छापायला सांगितलं. समोरचा पडदा ओळखीचा नव्हता. दहा मिनिटं ती नुसती बघत बसली आणि उठून आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “मॅडम, मला वर्ड येत नाही हे मला तिथे कळलं.”

तिला वर्डच शिकवलं होतं, आणि वर्डसमोरच ती अडकली. दोष तिचा नव्हता. मी तिला जागा पाठ करून दिल्या होत्या, काम शिकवलंच नव्हतं. अर्जात तारीख उजवीकडे का घ्यायची, परिच्छेदात अंतर सोडायला दहा वेळा एंटर का मारायचा नाही, मथळ्याला ‘स्टाईल’ का लावायची, हे तिला माहीत असतं तर ते बटण कुठे गेलं हे तिने शोधून काढलं असतं. तेव्हापासून मी जागा सांगणं सोडून दिलं. आता एवढंच सांगते, ‘हे नाव ठळक हवं. कुठे सापडतंय बघ.’ पहिला आठवडा मुलं वैतागतात. तिसऱ्या आठवड्यात कुठलाही अनोळखी पडदा समोर आला तरी ती हात आखडत नाहीत.

म्हणून सदस्यांना हे सांगा: आठ आठवड्यांच्या वर्गातले पहिले साडेसहा आठवडे लिब्रे ऑफिसवर काम शिकवायचं आणि शेवटचे दीड आठवडे त्याच कामाची वर्ड आणि एक्सेलशी गाठ घालून द्यायची. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं मोफत खातं उघडलं की ब्राउझरमध्ये वर्ड आणि एक्सेलची वेबवरची आवृत्ती चालते. मुलांनी आधी लिब्रे ऑफिसमध्ये केलेला बायोडेटा तिथे उघडावा, बदलावा, परत आणावा. खुद्द लिब्रे ऑफिसमध्येही दृश्याच्या मेनूत जाऊन टॅबची पट्टी निवडता येते, ती दिसायला वर्डच्या पट्टीसारखीच आहे. मधल्या आठवड्यांत एक दिवस ही मांडणी, दुसऱ्या दिवशी जुनी, असं मुद्दाम बदलत राहा. बेरीज, सरासरी, इफ, काउंटइफ, व्हीलुकअप ही सूत्रं कॅल्क (लिब्रे ऑफिसमधलं एक्सेलसारखं कोष्टकांचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेलमध्ये त्याच नावांनी, त्याच रीतीने चालतात. फरक लागतो तो मॅक्रोमध्ये, म्हणजे तीच ती कामं आपोआप करून घेणाऱ्या आज्ञांमध्ये, आणि पहिली नोकरी शोधणाऱ्याला बहुधा त्याची गरज पडत नाही.

एक अडचण मात्र हमखास येते. बायोडेटा वर्डच्या फाईलमध्ये पाठवला की समोरच्याच्या संगणकावर ओळी सरकतात, एका पानाची दोन पानं होतात, आणि मग ‘लिब्रे ऑफिस बिघडवतं’ असा बोभाटा होतो. बहुतेक वेळा कारण फॉन्टचं असतं. वर्डमधला कॅलिब्री हा फॉन्ट लिनक्सवर नसतो. त्याच्या जागी कार्लिटो टाका. त्यातल्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. टाइम्स न्यू रोमन आणि एरियलच्या जागी लिबरेशन नावाचे फॉन्ट असतात. आणि मुलांना सवय लावा, की बायोडेटा पीडीएफ करूनच पाठवायचा. समोरच्याने वर्डची फाईल मागितली तरच ती द्यायची.

सदस्यांना पटवायला आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या तालुक्यातच आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सची खास आवृत्ती तयार केली गेली, आणि न्यायाधीशांपासून लिपिकांपर्यंत अनेकांना तिचं प्रशिक्षण मिळालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या लिपिक भरतीच्या जाहिराती काढून बघा. संगणक पात्रतेच्या ओळीत विंडोजच्या बरोबरीने लिनक्स आणि एमएस ऑफिसच्या बरोबरीने ओपन ऑफिस लिहिलेलं सापडेल. लिब्रे ऑफिस हे त्या ओपन ऑफिसमधूनच २०१० मध्ये वेगळं झालेलं भावंड. ती जाहिरात छापून सदस्यांपुढे ठेवा. केरळचंही सांगा. तिथल्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला जातो, दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही त्याच्यावरच होते.

पण ताई, एक गोष्ट पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा, लपवू नका. तुमच्या वर्गाचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीला चालणार नाही. राज्य सरकारच्या बऱ्याच पदांना एमएस-सीआयटी किंवा शासनाने तिच्या बरोबरीची मानलेली सीसीसीसारखी परीक्षा लागते. टायपिंगच्या पदांना राज्य परीक्षा परिषदेचं संगणक टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी त्या परीक्षा द्यायलाच हव्यात. तुमचा वर्ग त्यांना तिथे आत्मविश्वासाने नेऊन बसवेल, फी भरून नापास होण्यापासून वाचवेल. हिशेबाच्या नोकऱ्यांचंही असंच आहे. बाजारपेठेतला अडत्या किंवा कर सल्लागार टॅली मागतो, आणि टॅली मुक्त सॉफ्टवेअर नाही. त्याला पर्याय आहेत, पण दुकानदाराला ते नको असतात. अशा मुलाला टॅलीच शिकू द्या. टॅलीची शिकण्यासाठीची मोफत पद्धत आहे, तिच्यात महिन्याच्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढ्या पुरतात. मात्र ते विंडोजवर चालतं, म्हणून आठांपैकी एक संगणक परवान्याच्या विंडोजसह ठेवणं जमलं तर ठेवा. मुक्त सॉफ्टवेअरवर माझं प्रेम आहे, पण ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचंय त्याच्या पोटापुढे ते लावून धरू नये असं मला वाटतं.

काय शिकवायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळा जीव तिथेच आहे.

आजच्या मुलांना मोबाइल पाठ असतो. व्हिडिओ कापतात, जोडतात, पैसे पाठवतात. पण ‘तू आत्ता सेव्ह केलेली फाईल कुठे आहे?’ असं विचारा, बहुतेकजण गप्प होतील. मोबाइलने त्यांच्यापासून फोल्डर लपवून ठेवलेला असतो. म्हणून पहिले तीन दिवस दुसरं काही नको. फोल्डर करायचा, त्याला आपलं नाव द्यायचं, फाईल ठेवायची, हलवायची, नाव बदलायचं, पेन ड्राइव्हवर न्यायची, परत आणायची. तुम्ही ग्रंथपाल आहात, तुमच्याइतकं चांगलं हे कुणी शिकवू शकणार नाही. कपाट, कप्पा, पुस्तक, दाखल क्रमांक. पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं की ते असूनही नसल्यासारखं होतं, हे मुलांना तुमच्या रॅकपाशी उभं करून दाखवा.

ज्यांनी माऊसच धरलेला नाही त्यांना मात्र फोल्डरच्या आधी दोन दिवस जीकॉम्प्रिस या खेळांच्या सॉफ्टवेअरवर सोडा. ते लहान मुलांसाठी आहे, पण हात वळवायला उत्तम. इंग्रजी टायपिंगच्या सरावाला केटच हे सॉफ्टवेअर आहे, रोज पंधरा मिनिटं, न चुकता. मराठीसाठी लिनक्समध्ये कळफलकाची इन्स्क्रिप्ट मांडणी असतेच, फक्त चालू करायची. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे ती लवकर बसते. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहायला शिकवा. जुन्या फॉन्टमधली मराठी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की ती इंग्रजी अक्षरांचा चुराडा होऊन समोर येते, हे तुम्ही अनुभवलं असेलच. मात्र कुणी टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार असेल, तर त्या इन्स्टिट्यूटमध्ये कोणती मांडणी शिकवतात ते आधी विचारून घ्या आणि त्याला तीच द्या. दोन मांडण्या एकदम शिकणाऱ्याची बोटं गोंधळतात.

कॅल्क शिकवताना पुस्तकातली ‘विद्यार्थ्यांचे गुण’ ही कोष्टकं नकोत. तुमच्या वाचनालयाची वर्गणीची वही द्या. कुणाची तीन महिन्यांची थकली, एकूण किती यायची, कोणत्या वॉर्डातले सभासद जास्त. किंवा दूध संकलन केंद्राची दहा दिवसांची पावती आणायला सांगा: लिटर, फॅट, दर, रक्कम. घरच्या पावतीचा हिशेब कॅल्कने पकडला की मुलगा सूत्र विसरत नाही.

आणि अर्जाचा फोटो. यासाठी दोन पूर्ण दिवस ठेवा. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, आणि कॅपिटल अक्षरांत केली तर चालत नाही. एवढ्या कामासाठी मुलं अर्ज भरून देणाऱ्या दुकानात पैसे देतात. शिवाय आपला पासवर्ड तिथे ठेवून येतात, तो निराळाच धोका. जिंप या फोटो सुधारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडायचा, कापायचा, २०० बाय २३० पिक्सेल करायचा, आणि जेपीईजीमध्ये काढताना गुणवत्तेची पट्टी मागे-पुढे करत फाईल किती केबीची होतेय ते बघायचं. अर्ध्या तासाचं कौशल्य आहे, पण ते आलं की मुलगी आपला अर्ज आपण भरते. माझ्या वर्गातल्या मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी सगळ्यात जास्त याच दिवशी पाहिलाय. त्याच आठवड्यात हेही सांगा, की नोकरी देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागणारा ईमेल आला तर पैसे पाठवायचे नाहीत. आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. हे संगणक बँकेने काढले त्यामागे बहुधा विंडोज १० हे कारण असेल. त्याला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र म्हणून ती अजून चांगली असतात. हार्ड डिस्क नाहीत हे एका अर्थी बरंच झालं. जुन्या प्रकारची डिस्क न घेता लहान एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) घ्या, रॅम ४ जीबी असू द्या, आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. लॉगिनच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांसाठीचं सत्र चालू करा, म्हणजे विद्यार्थी उठला की त्याचे पासवर्ड आणि फाईली पुसल्या जातात. म्हणून पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय उठायचं नाही हा नियम ठेवा. लाईट जाण्याची वेळ तुम्हाला माहीत असेलच, लिब्रे ऑफिसमध्ये आपोआप जपून ठेवण्याचं अंतर दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणा. पुतण्याला सांगा, एक मशीन त्याने लावायचं, बाकीची मुलांकडून लावून घ्यायची. त्यातल्या एखाद्याला त्याच कामात रोजगार सापडेल.

तुम्हाला स्वतःला अडलं तर आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिब्रे ऑफिसवरचे छोटे धडे मराठीत आहेत, ते मोफत उतरवून ठेवता येतात. वर्गातलं इंटरनेट बंद पडलं तरी चालतील. एका खिडकीत धडा, दुसऱ्या खिडकीत काम, असं शिकायचं.

राहिल्या त्या पाच बायका. पहिले दोन आठवडे त्यांना वेगळं बसवा, दुपारची वेळ द्या. त्यांना येणार नाही म्हणून नव्हे. शेजारी विशीतला मुलगा भराभर बोटं चालवत असला की त्या ‘तू कर रे बाबा’ म्हणून माऊस त्याच्या हाती देतात, आणि मग शिकणं तिथेच थांबतं. दोन आठवड्यांनी एकत्र करा, पण प्रत्येकीला स्वतंत्र मशीन द्या आणि शेजारच्याच्या माऊसला हात लावायचा नाही हा नियम सगळ्यांना सारखाच ठेवा. मदत करायची ती तोंडाने. घर चालवलेल्या, बचत गटाची वही लिहिलेल्या बाईला कॅल्क समजायला वेळ लागत नाही, हिशेब तिच्या डोक्यात आधीच असतो. तिला भीती असते ती यंत्र बिघडेल याची. पहिल्या दिवशी तिच्यासमोर मशीन चालू करा, चार बटणं उलटसुलट दाबा, फाईल पुसून टाका, परत आणून दाखवा. मग खुर्ची तिला द्या आणि तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा.

तुमची,
सदरलेखिका